लोक घाबरतील म्हणून

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटी एक बातमी आली आणि दोन दिवसांत प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तीच चर्चा. अॅस्ट्राझेनेका कंपनीने इंग्लंडच्या कोर्टात लेखी मान्य केलं की त्यांच्या कोविड लसीमुळे अत्यंत क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट्स कमी होतात, ज्याला टीटीएस म्हणतात तो प्रकार. तीच लस आपल्याकडे कोव्हिशील्ड म्हणून पुण्यात सिरममध्ये बनली आणि महाराष्ट्रात बहुतेकांनी तीच घेतलेली. मग काय, सोसायटीतला अमुक जिममध्ये कोसळला तो लसीमुळेच, भावकीतला तमुक झोपेतच गेला तोही लसीमुळेच. नेमकं त्याच दिवसांत लोकसभेच्या आचारसंहितेमुळे लसीच्या सर्टिफिकेटवरून पंतप्रधानांचा फोटो गेला होता, लोकांनी दोन्ही गोष्टी एकत्र जोडल्या आणि म्हणाले बघा, पाणी इथंच मुरतंय.

आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?

खरं सांगायचं तर सांगितलं होतं. १७ मे २०२१ ला केंद्राच्या आरोग्य खात्याने प्रसिद्धीपत्रक काढलं होतं, त्यात कोव्हिशील्डनंतर गुठळ्यांच्या २६ संशयित केसेस सापडल्याचं, म्हणजे दहा लाख डोसमागे एकाहून कमी असं प्रमाण असल्याचं लिहिलेलं होतं. एवढंच नाही तर लस घेतल्यावर २० दिवसांत श्वास लागला, छातीत दुखलं, सतत डोकं दुखत राहिलं, किंवा इंजेक्शनच्या जागेपासून दूर अंगावर बारीक लाल ठिपके आले तर लगेच दवाखान्यात जा, हेही त्यात होतं. पण हे कुणाला माहीत होतं? आठवा जरा लसीकरण केंद्र. दंडात सुई टोचली की शेजारच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर अर्धा तास बसवायचे, हातात टोकन, समोर सेल्फी पॉइंट, लोक मोबाईल बघत बसलेले, म्हणजे सांगायला अख्खा अर्धा तास मोकळा आणि ऐकणारा माणूस समोर बसलेला. तिथे बहुतेक ठिकाणी सांगितलं गेलं ते एवढंच की ताप आला तर पॅरासिटामॉल घ्या. बाकीचं प्रसिद्धीपत्रकात राहिलं.

इंग्लंडमध्ये हाच विषय ७ एप्रिल २०२१ ला टीव्हीवर सगळ्या देशासमोर मांडला गेला. तोपर्यंत दोन कोटी डोस दिले गेले होते, त्यात गुठळ्यांच्या ७९ केसेस आणि १९ मृत्यू, हे आकडे सरकारी अधिकाऱ्यांनी स्वतः वाचून दाखवले. मग वयोगटानुसार तक्ता दाखवला, की साथ कमी असताना २० ते २९ वयात लसीमुळे लाखात साधारण १.१ लोकांना गंभीर इजा होऊ शकते आणि लसीमुळे आयसीयूत जायचे वाचतात ०.८, पण ६० ते ६९ वयात इजा ०.२ आणि वाचतात १४.१. आणि त्यावरून ठरवलं की ३० च्या आतल्यांना शक्यतो दुसरी लस देऊ. लोक घाबरून पळाले का? नाही पळाले, लसीकरण चालूच राहिलं. आपल्याकडे त्यावेळी दुसरी लाट अंगावर आलेली, हा हिशोब मांडला असता तर तरुणांसाठीसुद्धा लसीच्याच बाजूने गेला असता, म्हणजे सांगण्यात तोटा काहीच नव्हता. तरी सांगितलं नाही. आणि मग तीन वर्षांनी, जेव्हा धोका केव्हाच संपलेला होता (टीटीएस व्हायचाच तर डोसनंतर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही), तेव्हा आख्खा महाराष्ट्र घाबरला.

माझं म्हणणं एवढंच आहे की साथीच्या काळात लोकांचा विश्वास जातो तो वाईट बातमीमुळे नाही, वाईट बातमी दुसऱ्याकडून कळल्यामुळे जातो. 'लोक पॅनिक होतील' हे वाक्य म्हणून जे जे लपवलं, अर्धवट सांगितलं किंवा नको तितक्या ठामपणे सांगितलं, त्या प्रत्येकाची किंमत नंतर लोकांनीच दिली, आणि सगळ्यात जास्त त्यांनी ज्यांच्याकडे दुसरीकडून माहिती मिळवायचा काही मार्गच नव्हता.

आता यावर नेहमीचं उत्तर असतं की आपल्या लोकांना टक्केवारी कळत नाही हो, तुम्ही इंग्लंडचं काय सांगता. मला हे अजिबात पटत नाही. एप्रिल २०२१ मध्ये ज्या बायका दहावीच्या पुढे शिकलेल्या नाहीत त्या ऑक्सिमीटर लावून रात्रभर ९४ खाली जातोय का बघत जाग्या होत्या, एचआरसीटीचा स्कोर २५ पैकी किती आला हे चहाच्या टपरीवरचा माणूस विचारत होता. लोक आकडे शिकायला तयार होते, अक्षरशः तहानलेले होते आकड्यांना. त्यांना आकडे दिले, पण कशाला कशाने भागायचं ते कुणी सांगितलं नाही.

पहिल्या वर्षी रोज संध्याकाळी काय यायचं? आज इतके नवे रुग्ण, इतके बरे झाले, इतके मृत्यू. किती टेस्ट केल्या ते कुठेतरी खाली बारीक अक्षरात. एखाद्या रविवारी टेस्ट कमी झाल्या की सोमवारी केसेस कमी, लगेच बातमी की दिलासा. मग जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्त तपासून सर्व्हे झाला, झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या आणि बाहेरच्या बिल्डिंगांमध्ये १६ टक्के. पुण्यात पाच प्रभागांत असाच सर्व्हे झाला तिथे ५१.५ टक्के. याचा अर्थ नीट बघितला तर एकाच वेळी दोन गोष्टी निघतात. एक म्हणजे रोजच्या बुलेटिनमध्ये दिसत होते त्याच्या कितीतरी पट लोकांना लागण होऊन गेली होती, म्हणजे पेपरात दिसणारा मृत्यूदर हा लागण झालेल्या सगळ्यांचा नव्हताच, फक्त टेस्ट झालेल्यांचा होता आणि खरा दर त्याहून बराच कमी होता. दुसरी गोष्ट म्हणजे इतकं पसरूनही अजून निम्मं शहर बाकी आहे, आणि बिल्डिंगवाले तर जवळजवळ सगळेच बाकी आहेत. पण सांगताना ज्याला जी सोयीची वाटली तेवढी अर्धी गोष्ट उचलली गेली. 'हर्ड इम्युनिटी आली' हे उचललं आणि गेला कोरोना म्हणून फेब्रुवारीत लग्नांचे हॉल भरले.

'फक्त एक टक्का तर मरतात' हे वाक्य तर किती वेळा ऐकलं असेल. एका माणसासाठी एक टक्का ठीक आहे, शंभरात नव्याण्णव वेळा तो घरी येतो. पण एका महिन्यात एका शहरात दहा लाखांना लागण झाली तर त्याच एक टक्क्याचे दहा हजार होतात, आणि त्यांच्या मागे ऑक्सिजन लागणारे पन्नास-साठ हजार उभे असतात, आणि बेड असतात मोजके. मग ज्याला एरवी काही झालं नसतं तोही बेड नाही म्हणून जातो, आणि एक टक्क्याचा एक टक्का राहत नाही. शिवाय तो एक टक्का सगळ्यांत सारखा वाटलेला पण नव्हता, २५ वर्षांच्या मुलाच्या आणि ६५ वर्षांच्या त्याच्याच बापाच्या धोक्यात शंभर पटीहून जास्त फरक होता. हे एवढं तीन-चार वाक्यांत सांगता येतं ना? ज्या पोराला 'तुला काही होणार नाही पण तू आजीपर्यंत नेशील' हे आकड्यासकट सांगितलं असतं त्याला पोलिसांची काठी लागली नसती. त्याऐवजी सगळ्यांना सारखंच घाबरवलं, आणि पोरांनी आजूबाजूला बघितलं की आपल्या वयाच्या कुणालाच काही होत नाहीये, म्हणजे हे खोटं बोलतायत, आणि मग तिथून पुढचं सगळंच त्यांना खोटं वाटायला लागलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीत केसेस वाढायला लागल्या होत्या, २२ फेब्रुवारीपासून अमरावती आणि अचलपूरला पुन्हा लॉकडाऊन लागला, विदर्भातले डॉक्टर बोलत होते. आणि ७ मार्चला देशाचे आरोग्यमंत्री म्हणाले की भारतात साथ शेवटच्या टप्प्यात आहे. १८ एप्रिलला एकट्या महाराष्ट्रात एका दिवसात ६८ हजारांच्या वर केसेस होत्या. २१ एप्रिलला नाशिकच्या झाकीर हुसेन हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली आणि व्हेंटिलेटरवरची बावीस माणसं त्याच दिवशी गेली. त्या सहा आठवड्यांत ज्या ज्या घरात कोणी गेलं त्या घराला पुढच्या वेळी 'परिस्थिती नियंत्रणात आहे' हे वाक्य कुणीही, कितीही मोठ्या माणसाने म्हटलं तरी खरं वाटणार नाही.

मास्कचं पण तेच. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेपासून सगळे सांगत होते की निरोगी माणसाला मास्कची गरज नाही, आणि ८ एप्रिल २०२० ला मुंबई महापालिकेने मास्क नाही तर कारवाई असा आदेश काढला. २८ मार्च २०२० ला याच जागतिक संघटनेने ठासून पोस्ट टाकली होती की हा आजार हवेतून पसरत नाही, आणि हवेतून पसरतो हे नीट कबूल करायला त्यांना वर्षभराच्या वर लागलं. त्या वर्षात आपण काय केलं तर भाजी सोड्याच्या पाण्यात धुतली, दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, लिफ्टच्या बटणांवर प्लास्टिक चिकटवलं, बरेलीत तर गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यात बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं. आणि खिडक्या? खिडक्या बंद करून एसी लावून ऑफिसं चालू होती. विज्ञानात मत बदलतं, बदलायलाच पाहिजे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण पहिल्या दिवशी तुम्ही जर असं बोलला असतात की आज आमच्याकडे एवढीच माहिती आहे, मास्क डॉक्टर नर्सना कमी पडतायत म्हणून तुम्ही आत्ता घेऊ नका, दोन महिन्यांनी आम्ही वेगळं सांगू शकतो, तर दोन महिन्यांनी बदललेला सल्ला लोकांना कोलांटउडी वाटली नसती. माणसं 'माहिती नाही' हे ऐकून घेतात. खेड्यातला डॉक्टर रोज सांगतो की दोन दिवस औषध घ्या, नाही उतरला ताप तर रक्त तपासू, कुणी त्याला फसवा म्हणत नाही.

लसीच्या दोन डोसमधलं अंतर आठवतंय का? आधी ४ ते ६ आठवडे, मार्च २०२१ मध्ये ६ ते ८, आणि १३ मे ला १२ ते १६. अंतर वाढवलं की कोव्हिशील्ड जास्त चांगली काम करते याला परदेशातला आधार होता, हे खोटं नव्हतं. पण ते जाहीर झालं कधी, तर केंद्राकेंद्रावर 'लस उपलब्ध नाही' असे कागद चिकटवलेले असताना, पहाटे पाचपासून म्हातारी माणसं रांगेत उभी राहून परत जात असताना. साहजिकच सगळे म्हणाले लस नाही म्हणून तारीख ढकलली. आणि जूनमध्ये केंद्राच्या लसीकरण सल्लागार समितीतल्याच काही सदस्यांनी सांगितलं की आमचा पाठिंबा १२ आठवड्यांपर्यंत होता, त्यापुढे नेण्याएवढा डेटा आमच्यासमोर नव्हता. म्हणजे लोकांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. सरळ सांगायचं होतं की तुटवडा आहे, आणि सुदैवाने अंतर वाढवलं तर नुकसान नाही, फायदाच होऊ शकतो, म्हणून जास्त लोकांना पहिला डोस आधी देतोय. हे ऐकून चिडले असते लोक पण मानलं असतं. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ ला तिसऱ्या टप्प्याचे परिणामकारकतेचे आकडे यायच्या आधीच परवानगी दिली, नंतर आकडे आले ते चांगलेच आले, ७७.८ टक्के, पण तोपर्यंत दवाखान्यातले डॉक्टरच एकमेकांना विचारत होते की आपल्याकडे कुठली आलीये. चांगल्या लसीचं नाव घाईने खराब केलं.

सगळ्यात जास्त मला राग येतो तो रेमडेसिव्हिरचा, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. २० नोव्हेंबर २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं होतं की हे औषध दवाखान्यातल्या रुग्णांना देऊ नका, जीव वाचतो असा पुरावा नाही. यावर डॉक्टरांमध्ये मतभेद होते, काहींचं म्हणणं की पहिल्या काही दिवसांत दिलं तर दवाखान्यातले दिवस कमी होतात. ठीक आहे, पण संजीवनी आहे असं तर कुणाचंच म्हणणं नव्हतं. आणि पाच महिन्यांनी पुण्यात, नागपुरात, औरंगाबादेत काय चित्र होतं? हातात चिठ्ठी, आधार कार्डची झेरॉक्स, पॉझिटिव्ह रिपोर्टची झेरॉक्स, आणि मेडिकलच्या शटरसमोर रात्रभर रांग. कोर्स सहा इंजेक्शनांचा. एप्रिलमध्ये किमती कमी करून साडेतीन हजाराच्या आत आणल्या होत्या तरी काळ्या बाजारात एकेका व्हायलला दहापट मागत होते, लोकांनी मंगळसूत्रं मोडली. जिल्हाधिकारी कार्यालयातून कोटा वाटला जात होता, नेते इंजेक्शनं मिळवून देतो म्हणून फोटो काढत होते. माझ्या ओळखीच्या एका घरातला पोरगा वडिलांना आयसीयूबाहेर एकटं सोडून दोन दिवस इंजेक्शन शोधत फिरला, मिळालं तेव्हा वडील गेलेले, आणि आज इतक्या वर्षांनी तो हेच म्हणतो की एक दिवस आधी मिळालं असतं तर. त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि आजही सांगायला पाहिजे, की त्या इंजेक्शनमुळे फरक पडला असता असं नाही रे. ही गोष्ट मुख्यमंत्र्यांनी, टास्क फोर्सने रोज रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन ठणकावून सांगायला हवी होती. सांगितली पण ती डॉक्टरांसाठीच्या गाईडलाईनमध्ये, 'योग्य तिथेच वापर करावा' अशा मवाळ भाषेत, आणि बाहेर रांगा वाढत राहिल्या.

जे औषध खरंच जीव वाचवत होतं ते होतं डेक्सामेथासोन, काही रुपयांना मिळणारं जुनं स्टेरॉइड. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत दिसलं की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने कमी होतात, पण ज्याला ऑक्सिजन लागत नाही त्याला काही फायदा नाही. हा शेवटचा भाग आपल्याकडे पोचलाच नाही. व्हॉट्सअॅपवर प्रिस्क्रिप्शनचे फोटो फिरले, एकाच्या चिठ्ठीवर चार घरांनी गोळ्या आणल्या, ताप आला की दुसऱ्या दिवसापासून स्टेरॉइड सुरू, त्यात शुगर असलेली माणसं, शुगर कोण तपासतंय. मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, केसेस आल्या, कुणाचा डोळा काढावा लागला, कुणाचा वरचा जबडा. हे सगळंच स्टेरॉइडमुळे झालं असं नाही म्हणत मी, पण त्याचा मोठा वाटा होता हे डॉक्टरच सांगत होते. धोका समजावून न सांगण्याची किंमत किती असते याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

पण या सगळ्यात नुसती माहितीच तर नव्हती कमी. माहिती कोण घेऊन येतंय आणि आपण खरं सांगितलं तर आपलं काय करणार, हेही लोक बघतात.

मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणारा शिक्का मारायचं ठरलं, होम क्वारंटाईन आणि तारीख. मतदानाची शाई तीच. हेतू वाईट नव्हता. पण दोनच दिवसांत पालघरला रेल्वेगाडीत चार जणांच्या हातावर शिक्के दिसले म्हणून त्यांना खाली उतरवलं, आणि मग लोक फुल शर्ट घालायला लागले. पुढे गल्ल्यांच्या तोंडाला पत्रे ठोकले, दारावर पोस्टर चिकटवले, सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना गेटवरून परत पाठवलं आणि त्यांचा पगार बुडवला. डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की रुग्णाच्या घराबाहेर असे पोस्टर सरसकट लावायचे नाहीत. सरकारी आदेश मोडला म्हणून कलम १८८ खाली महाराष्ट्रात लाखावर गुन्हे दाखल झाले. दिल्लीच्या तबलिगी जमातच्या मेळाव्यातूनच कोरोना पसरला म्हणून महिनाभर टीव्हीवर जे चाललं त्यावर ऑगस्ट २०२० मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने मेळाव्याला आलेल्या परदेशी लोकांवरचे गुन्हे रद्द करताना म्हटलं की त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, पण तोवर कितीतरी भाजीवाल्यांना गल्लीत शिरू दिलं नव्हतं. अशा वातावरणात खोकला आला तर माणूस सांगेल का? पत्रा ठोकला जाणार, शेजारी बोलणार नाहीत, रोजगार जाणार. तो गुपचूप मेडिकलमधून गोळी आणणार आणि सातव्या दिवशी ऑक्सिजन ८० वर आला की दवाखान्यात येणार. याला अडाणीपणा म्हणू नका, त्याने त्याच्या बाजूने धोक्याचा हिशोब बरोबरच केला होता.

हे पुण्याने आधी बघितलेलं आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोल्जर घरात घुसून माजघरापर्यंत, देवघरापर्यंत झडती घ्यायचे, बायकांना बाहेर काढून तपासायचे, सामान जाळायचे. लोकांनी आजारी माणसं लपवली, मढी लपवली. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर या झडत्यांचा प्रमुख असलेल्या इंग्रज अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला होता, कारण तिथे नेलेला माणूस परत येत नाही हे त्यांना दिसत होतं. आणि १८९७ मध्येच, त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचा डॉक्टर मुलगा यशवंत हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होते, आणि लोक त्यांच्याकडे येत होते. १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. आजार तोच, लोकही तेच. एकीकडे दार लावून घेतलं आणि दुसरीकडे दार उघडलं. यशवंतरावांकडे काही वेगळं औषध नव्हतं, तेव्हा प्लेगवर औषधच नव्हतं.

२०२० मध्ये याच्या जवळ जाणारं जे झालं ते धारावीत झालं असं मला वाटतं. १ एप्रिलला पहिली केस, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं, बहुतेक जण सार्वजनिक संडास वापरणारे, तिथे 'घरात राहा, अंतर ठेवा' याला काही अर्थच नव्हता आणि महापालिकेच्या जी नॉर्थ वॉर्डने तो हट्ट धरला नाही. तिथल्याच गल्लीत वर्षानुवर्षे दवाखाना चालवणाऱ्या खाजगी डॉक्टरांना बरोबर घेतलं, पीपीई दिले, ते दारोदार गेले. ज्या डॉक्टरने पोराचा गोवर बघितलाय तो थर्मल गन घेऊन दारात आला तर माणूस ताप लपवत नाही. संडास दिवसातून कितीतरी वेळा धुतले. शाळांमध्ये आणि हॉलमध्ये क्वारंटाईन सेंटर केली, तिथे जेवण चांगलं दिलं, रमजानमध्ये रोजे असणाऱ्यांची वेळेवर खाण्याची सोय केली. मग लोक स्वतःहून यायला लागले. २५ डिसेंबर २०२० ला धारावीत एकही नवी केस नव्हती. आता यात नुसतं महापालिकेचं कौतुक नको, बरेच मजूर गावी निघून गेले होते, आणि बऱ्याच लोकांना नकळत लागण होऊन गेली असणार हेही खरं. पण लोकांनी लपवलं नाही, हा भाग कमावलेला होता.

आणि हे काम गावोगाव ज्यांनी केलं त्या आशाताई. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर घेऊन त्याच फिरल्या, लस घ्या म्हणून शिव्या त्यांनीच खाल्ल्या, मेळघाटात लस घेतली की माणूस मरतो अशी अफवा असताना पाड्यावर जाऊन बसल्या. जून २०२१ मध्ये त्यांना मानधनासाठी संप करावा लागला, राज्यातल्या सत्तर हजारांच्या आसपास बायका. त्यांना नवीन नियम कधी कळायचा तर गावाला टीव्हीवरून कळायचा तेव्हाच. ज्या बाईच्या शब्दावर गाव लस घेणार तिला निदान आदल्या दिवशी दोन तास बसवून सगळं समजावून सांगावं, गुठळ्यांसकट, हे कुणाला सुचलं नाही. तिच्या हातात रजिस्टर दिलं आणि टार्गेट दिलं.

मृत्यूच्या आकड्यांबद्दल पण बोलायलाच हवं. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधी न मोजलेले १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले. त्यादिवशी खूप टीका झाली, लपवले होते म्हणून. मला उलट वाटतं, उशिरा का होईना घातले हे बरोबर केलं, पुढच्या वर्षीही जुने मृत्यू असेच जोडले गेले, आणि म्हणून महाराष्ट्राचा आकडा देशात सगळ्यात मोठा दिसत राहिला. खरं मोजणाऱ्या राज्याची बदनामी आणि झाकली मूठ ठेवणाऱ्यांचं कौतुक, असं उलटं चाललं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतासाठी दोन वर्षांत ४७ लाख जादा मृत्यूंचा अंदाज दिला, आपला अधिकृत आकडा तेव्हा पाच लाखांच्या आसपास होता, सरकारने त्यांची पद्धतच नाकारली. पद्धतीवर वाद घालता येतो. पण कोविडने गेलेल्यांच्या घरच्यांना मिळणाऱ्या ५० हजारांच्या मदतीसाठी महाराष्ट्रात आलेले अर्ज अधिकृत मृत्यूंपेक्षा बरेच जास्त होते, आणि ते अर्ज काही मॉडेलने केले नव्हते, घरच्यांनी केले होते. स्मशानात ज्याने सहा तास नंबर लावला त्याला तुम्ही आकडा कमी सांगितलात की तो फक्त त्या आकड्यावर अविश्वास दाखवत नाही, पुढे तुम्ही लस सुरक्षित आहे म्हणालात तरी त्याला तोच आकडा आठवतो.

जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या तेव्हा हेच दिसलं. २००१ मध्येच सापडलेला, दर हिवाळ्यात पोरांना सर्दी-खोकला देणारा विषाणू, पण चॅनलवर 'नवा चिनी व्हायरस' आणि लोक मास्क घ्यायला मेडिकलमध्ये. सरकारने खरं सांगितलं होतं यावेळी, घाबरण्यासारखं काही नाही हे अगदी खरं होतं. पण तेच वाक्य, त्याच सुरात, मार्च २०२० मध्ये पण ऐकलेलं ना.

आपल्याकडे साथीचा कायदा आजही तोच आहे, १८९७ चा, रँडच्या वेळचा. १३ मार्च २०२० पासून महाराष्ट्राने तोच लागू केला. त्यात सरकारला काय काय करता येईल आणि लोकांनी ऐकलं नाही तर काय शिक्षा, एवढंच आहे. २०२० मध्ये दुरुस्ती झाली, आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करून गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत कैद, ते योग्यच झालं. पण सरकारने लोकांना काय सांगितलंच पाहिजे याबद्दल त्यात एक ओळ नाही. २०२४ मध्ये विधी आयोगाने या कायद्याचा आढावा घेऊन अहवाल दिलाय, म्हणजे आज ना उद्या तो नव्याने लिहिला जाईल. तेव्हा आपल्या आमदार-खासदारांकडे एक कलम मागायला हवं. साथ जाहीर झाल्या दिवसापासून दर आठवड्याला वॉर्डनिहाय आणि तालुकानिहाय टेस्ट, केसेस, मृत्यू वयोगटानुसार जाहीर करायचे, आकडा दुरुस्त केला तर कारणासकट करायचा, नियम बदलला तर जुना का सोडला ते त्याच आदेशात लिहायचं, आणि लस किंवा औषध देताना त्याचा माहीत असलेला धोका देण्याच्या जागी तोंडाने सांगायचा, मराठीत, आणि मेळघाटात असाल तर कोरकूत.